सोपवलेली फेरी

१

क्रांतीची फेरी गॅसपासून सुरू व्हायची. आधी रेग्युलेटर, मग शेगडीची दोन्ही बटणं, मग मागच्या दाराची कडी. कडी ती तीनदा ओढून बघायची: दोनदा पटापट आणि जरा थांबून तिसऱ्यांदा. पुढे टाकीचं झाकण, पंपाचा स्विच, आणि मांडव्याच्या जेटीवर कामाला असलेल्या नवऱ्याला, धनेशला, एक फोन. सगळ्यात शेवटी रुचिका. नऊ वर्षांची पोर झोपली असेल तर तिच्या नाकाखाली तळहात धरायचा आणि तीन श्वास हाताला लागेपर्यंत उभं राहायचं. ते लागले की क्रांतीचा जीव भांड्यात पडायचा. मग पुन्हा गॅसची आठवण यायची.

लग्न होऊन आली तेव्हा ही फेरी पाच मिनिटांची होती. शेजारणी म्हणायच्या, क्रांतीच्या घरात चोर शिरला तर ती त्यालाच म्हणेल, जाताना कडी नीट लाव हां. क्रांतीही त्यांच्याबरोबर हसायची. पण गेल्या वर्षभरात फेरी संपेचना. छाती आवळून यायची, मानेचे स्नायू दोरखंडासारखे ताठ व्हायचे. तीन वेळा कार्डिओग्राम काढला, तिन्ही वेळा हृदय ठणठणीत निघालं. रुचिकाची झोप रात्रीतून सहा-सहा वेळा मोडायची आणि पोर वर्गात बाकावर डोकं टेकून झोपायची. शेवटी शाळेच्या बाईंनी धनेशला बोलावून घेतलं.

अलिबागच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर आजाराचं नाव लिहिलं. जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर. "तुम्हाला एका कुठल्या गोष्टीची भीती नाही," त्या म्हणाल्या, "सगळ्याचीच आहे. तुमच्या मनाला पहाऱ्यावरून उतरायचं माहीत नाही."

नाव मिळालं तेव्हा क्रांतीला आधी बरंच वाटलं. इतकी वर्षं ती ह्याला आपला स्वभाव समजत होती. मग तिने विचारलं, "बरा होतो का हा?"

"ताब्यात राहतो. गोळ्या देते. पण खरं औषध म्हणजे फेरी बंद." मग त्या धनेशकडे आणि त्याच्या बहिणीकडे, मृणालीकडे वळल्या. "आणि तुम्ही दोघांनी ह्यांना खात्री द्यायची नाही. ह्या म्हणतील, जरा बघून ये, सगळं ठीक आहे ना सांग. बघायचं नाही, सांगायचं नाही. दर वेळी बघून सांगितलं की आजार पोसला जातो."

मृणालीने मान डोलावली. ती सांगितलेलं ऐकणारी बाई होती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिने क्रांतीचा हात हातात घेतला. "वहिनी, दिवाळीच्या सुट्टीभर रुचिकाला मी रेवदंड्याला नेते. तुम्ही नीट व्हा. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आणून सोडते. पण परत तिची झोप मोडली, तर तिचं नाव मी आमच्याकडच्या शाळेत घालणार. दादासमोर सांगते." मृणालीला मूल नव्हतं, आणि ती मनाने वाईट नव्हती. ह्या दोन्ही गोष्टी क्रांतीला नेहमी एकदमच आठवायच्या.

२

फेरी बंद करणं म्हणजे काय, ते तिला पहिल्या तीन दिवसांतच कळलं. ती नुसती स्वयंपाकघरात बसून राहायची आणि हात मांडीखाली दाबून धरायची. डोळ्यांसमोर गॅसचा भडका, उघडी टाकी, पाण्यात पडलेला धनेश, आणि रेवदंड्याच्या घरात निपचित पडलेली रुचिका. चौथ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"सोडून देता येत नसेल तर सोपवून बघा," त्या म्हणाल्या. "मनातल्या मनात कुणाच्या तरी हवाली करा. देवाच्या करा, समुद्राच्या करा. मोठ्याने बोललात तरी चालेल."

सोपवणं म्हणजे काय ते क्रांतीला चांगलं ठाऊक होतं. गाव खारातलं. खाडी आणि भातशेतं यांच्यामध्ये मातीचा एक बांध, बस्स. अमावास्या-पुनवेला उधाणाचं पाणी बांधाच्या कडेला येऊन टेकतं. चिंबोरीच्या एखाद्या बिळातून ते आत शिरलं तर तासाभरात बांधाला खांड पडते, आणि मग शेत दोन-तीन वर्षं भाताच्या कामाचं राहत नाही. म्हणून उधाणाच्या दिवशी एकेका घराने पाळीने बांधावर फिरायचं. पाळी संपली की उघाडीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या फळ्यांच्या दारापाशी, उभं राहायचं. पुढचा माणूस आला की म्हणायचं, "बांध घे." त्याने म्हणायचं, "घेतला." हा शब्द कानांनी ऐकल्याशिवाय जागचं हलायचं नाही, असा गावाचा शिरस्ता. आणि घेणारा समोर दिसल्याशिवाय 'घे' म्हणायचं नाही, हेही लहान पोरांना माहीत होतं.

धनेश जेटीवर, त्यामुळे अकरा वर्षं घरची पाळी क्रांतीच करत आली होती. तिच्या नजरेतून एक बीळ सुटलं नव्हतं. गाव तिचं कौतुक करायचं. आपल्या आजाराला गावाने अकरा वर्षं शाबासकी दिली, असं आता तिच्या मनात यायचं आणि हसावं की रडावं ते कळायचं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिची पाळी आली. भर दुपार, भरती पुरी चढलेली. तिच्यानंतर म्हाताऱ्या गुणाजीची पाळी होती आणि त्याचा पत्ता नव्हता. बांधावर दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हतं. खाडीचं गढूळ पाणी उघाडीच्या फळ्यांना हळूहळू धक्के देत होतं. क्रांती खाडीकडे तोंड करून उभी राहिली. तिला जरा लाज वाटली, पण ती मोठ्याने बोलली.

"गॅसची फेरी घे. कडीची घे. टाकीची घे, धनेशची घे." मग थांबून, घाईघाईने, "रुचिकाची घे."

आणि सवयीने ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.

"घेतली."

आवाज उघाडीच्या पलीकडून, खाडीच्या अंगाने आला. गुणाजी आला वाटतं, असं तिला वाटलं. तिने वाकून बघितलं. तिथे उभं राहायला जागाच नव्हती. बांधाच्या कडेपर्यंत नुसतं पाणी.

गुणाजी दहा मिनिटांनी आला, तो गावाच्या बाजूने. "उशीर झाला गो. घरी पूजेची घाई हाय."

"तुम्ही आत्ता 'घेतली' म्हणालात ना, नाना?"

"मी? मी आताच तर येतोय." त्याने उघाडीकडे बघितलं. "काय दिलास तू?"

"बांध नाही दिला. माझंच आपलं काहीतरी."

गुणाजी फळ्यांपासून दोन पावलं मागे सरला. "मंग मी बांध तेवढा घेतो," तो म्हणाला. "बोल, बांध घे." ती बोलली, त्याने घेतला, आणि तिच्याकडे न बघता तो बांधावरून चालू लागला.

३

घरी येताना क्रांतीला चप्पल हलकी वाटत होती. गॅसची आठवण आली, पण ती दुसऱ्याच कुणाच्या गॅसची आठवण असावी तशी. तिने पूजेची मांडणी केली, करंज्या तळल्या, आणि संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की आपण दिवसभरात काहीच तपासलं नाही. ती देवापुढे बसून रडली. असं साधं बसता येतं, हे ती विसरूनच गेली होती.

पाडव्याच्या दिवशी, साडेचारच्या सुमाराला, ती पुढच्या ओटीवर तांदूळ निवडत होती. मागच्या दाराची कडी वाजली. दोनदा पटापट, आणि जरा थांबून तिसऱ्यांदा.

वारा असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. माडाच्या झावळ्या तर हलत नव्हत्या. मग मांजर असेल. मांजर कडी ओढत नाही, हे तिला माहीत होतं, पण बघायला उठायचं नाही हेही माहीत होतं. ती उठली नाही. एका परीने तिला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवून ती अंगणात कपडे काढायला गेली. आली तर शेगडी बंद. रेग्युलेटर इतका घट्ट फिरवलेला की तिला दोन्ही हात लावावे लागले. असा घट्ट फिरवायची सवय अख्ख्या घरात तिची एकटीची होती. तिसऱ्या दिवशी टाकीच्या झाकणावर ओला चिखल होता. काळा, चिकट, वास येणारा. तसा चिखल गावात नळाखालीही नसतो आणि शेतातही नसतो. तो खाडीत असतो.

४

धनेश जेटीवरून दमून यायचा. दिवसभर लाँचचे दोर झेलायचे आणि उतारूंना हात द्यायचा. भाऊबीज मृणालीकडे करून आला तेव्हा तो खुशीत होता. रुचिका गुबगुबीत झालीये, सांगत होता. चहा पिता पिता त्याने मागच्या दाराकडे बघितलं.

"क्रांती, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार ना."

"मी सकाळी न्हाणीत होतो तेव्हा तू कडी ओढत होतीस. तीनदा. मी मोजली."

"मी नव्हते."

"मग कोण होतं?"

काय सांगणार? खाडीच्या अंगाने कुणीतरी 'घेतली' म्हणालं, तेव्हापासून? धनेशने बशी खाली ठेवली. "लपूनछपून करायचं असेल तर मला नको फसवूस. मृणालीला मी सांगितलंय की तू सुधारलीस म्हणून. पोरीला परत आणायचंय ना आपल्याला?"

"आणायचंय," क्रांती म्हणाली. तिला एकच गोष्ट हवी होती, पोर घरात हवी होती, आणि ती मिळवायला जे करायचं ते सगळं ती करत होती. फेरी मात्र घरात चालूच होती.

५

क्रांती अडाणी नव्हती. बारावी शास्त्र शाखेची होती. तिने ठरवलं की ह्याचा सोक्षमोक्ष लावायचा. दिवाळीची पांढरी रांगोळी उरली होती. मागच्या दाराबाहेरच्या फरशीवर तिने ती चाळणीने सगळीकडे सारखी पसरली, आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून आतच बसली. चार वाजले. सव्वाचार. शेजारच्या घरातला टीव्ही चालू होता, कुणीतरी नारळ फोडत होतं. अशा आवाजांत काही वाईट होत नाही, असं तिला वाटत होतं.

पाठीला दाराची फळी हलल्यासारखी वाटली. कडी तिच्या डोक्याच्या वर होती. ती दोनदा हलली. बाहेरून लाकडाला काहीतरी लागून होतं, अगदी तिच्या पाठीच्या पलीकडे. ते थांबलं, ती जशी थांबायची तेवढंच. मग तिसऱ्यांदा हलली.

ती मनात शंभरपर्यंत मोजून उठली आणि दार उघडलं. रांगोळीत पावलं नव्हती. तळहात होते. पडवीच्या कडेपासून दारापर्यंत, एकामागून एक, ओले तळहात उमटले होते, जणू कुणी सगळी वाट हातांनीच चाचपत आलं होतं.

क्रांतीने गुडघ्यावर बसून त्यातल्या एकावर आपला हात ठेवला. तो बरोबर बसला. लहानपणी विळ्याने कापल्यामुळे तिची उजवी करंगळी वाकडी होती. तीही बरोबर बसली.

मग मीच, तिला वाटलं. मीच करते आणि मला आठवत नाही. पण मी तर आत होते. आत होते ना? दार तर आतून बंद होतं. तिने कडीकडे बघितलं आणि आपण ती केव्हा काढली ते तिला नीट आठवेना. ज्या डोक्याने हे तपासायचं तेच डोकं आजारी, मग विचारायचं कुणाला? धनेशने बघितलं तर तो काय म्हणेल ते तिला आधीच माहीत होतं. तिने बादलीभर पाणी ओतून फरशी धुऊन टाकली.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर हे ऐकून गोळीचं प्रमाण थोडं वाढवलं. सवय जाता जाता मन असल्या खोड्या काढतं, म्हणाल्या. लक्ष देऊ नका.

६

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मृणाली रुचिकाला घेऊन आली. पोर रिक्षातून उतरली ती धावत येऊन क्रांतीच्या कमरेला बिलगली. क्रांतीने तिच्या केसांचा वास घेतला आणि तिला पोटभर वाटलं. जेवणात सुरमई केली होती. रुचिका बडबड करत होती, धनेश हसत होता. मृणालीने दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही खरंच निवळलात हां."

जेवून धनेश सुपारी खायला नाक्यावर गेला. रुचिका मधल्या खोलीत चटईवर झोपली. मृणाली ओटीवर पडली. क्रांती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती आणि मधल्या खोलीकडे पाठ करून होती. मी बघणार नाही, ती मनात म्हणत होती. आज नाही, उद्या नाही. पोर झोपलीये, झोपू दे.

मागच्या दाराशी काही वाजलं नाही. नुसता चिखलाचा वास आला.

फडताळाच्या काचेत मधली खोली दिसायची. क्रांतीने वळून बघितलं नाही, फक्त काचेत बघितलं. रुचिका उताणी झोपली होती. तिच्या नाकाखाली एक हात होता. कोपरापर्यंत काळा, ओला, वाकड्या करंगळीचा. कोपराच्या पुढे काय होतं ते काचेच्या चौकटीबाहेर होतं, आणि ते काचेत नव्हतं म्हणून क्रांतीने देवाचे आभार मानले.

तो हात श्वास मोजत होता. एक. दोन. तीन. आता काढेल, तिला वाटलं. ती स्वतः तिसऱ्याला काढायची.

त्याने काढला नाही. चौथा श्वास घेतला, पाचवा घेतला. त्याची खात्री पटत नव्हती. क्रांतीला ती तगमग ओळखीची होती. तो हात जरा पुढे सरकला, श्वास नीट लागावा म्हणून. मग आणखी जरा. मग तो ओठांना टेकला, आणि नीट लागावा म्हणून दाबला.

क्रांतीच्या हातातलं ताट पडलं. ती कशी पोचली ते तिला कळलं नाही. तिने तो हात धरून ओढला. मुठीत गार गार काहीतरी आलं आणि निसटलं. पोर धडपडून उठली. दारात मृणाली उभी होती. आणि रुचिकाच्या तोंडावर क्रांतीचाच हात होता, मनगटापर्यंत ओला.

"आई," रुचिका रडवेली होऊन म्हणाली, "तू परत हात लावलास. किती गार."

मृणालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वहिनी. तुम्हीच होतात ना?"

नाही म्हणावं, तर पोर ह्याच घरात राहणार, ह्याच चटईवर झोपणार. हो म्हणावं, तर मृणाली तिला घेऊन जाणार. इथून लांब. त्या हातापासून लांब. क्रांतीला आयुष्यात पहिल्यांदाच कसलाही संशय न येता एक गोष्ट कळली.

"हो," ती म्हणाली. "मीच होते."

७

रुचिकाचं नाव आठवड्याभरात रेवदंड्याच्या शाळेत लागलं. फोन दिवसातून एकदाच करायचा, संध्याकाळी साडेसहाला, असं ठरलं. धनेश क्रांतीशी कामापुरतं बोलायचा. तो चिडला नव्हता. त्याने हात टेकले होते.

घर गप्प झालं. साडेचार वाजायचे आणि कडी वाजायची नाही. चहाचं आधण तिने दोनदा मुद्दाम शेगडीवर ठेवून बाहेर जाऊन बघितलं, ते उतू गेलं. टाकीचं झाकण कोरडं होतं. क्रांतीची छाती मात्र पुन्हा आवळायला लागली.

पुनवेच्या उधाणाला तिची पाळी नव्हती, तरी ती बांधावर गेली. उघाडीपाशी उभी राहून खाडीला म्हणाली, "माझी फेरी मला दे. मी घेते." पाणी फळ्यांना धक्के देत राहिलं. ती पुन्हा म्हणाली. मग ती ओरडली. भरती उतरेपर्यंत ती तिथेच उभी होती.

पाळीवर गुणाजी होता. तो बाजूला येऊन थांबला. "पोरी, आपला नियम काय हाय? ज्याच्या हातात बांध हाय त्यानं सोताहून उघाडीपाशी येऊन द्यायचा. मागून मिलत न्हाय."

"आणि तो आलाच नाही तर, नाना?"

"मंग तो फिरतोय असं समजायचं." त्याने खांद्यावरचं फावडं खाली घेतलं. "घरी जा. उन्हात उभी नको राहू."

८

त्या संध्याकाळी साडेसहाला रुचिका फोनवर हळू आवाजात बोलत होती. "आई, आत्या बाहेर आहे. मी तिला सांगत नाही हां."

"काय सांगत नाहीस, बाळा?"

"तू दुपारी येतेस ते. मी शाळेतून येऊन झोपते तेव्हा. मी डोळे उघडत नाही, नाहीतर आत्या तुला ओरडेल." पोर जरा थांबली. "पण हात जरा हळू धर ना. काल मला श्वासच घेता येत नव्हता."

रात्रभर क्रांती धनेशला सांगत होती. धनेश छताकडे बघत होता. "डॉक्टर म्हणाल्यात, उत्तर द्यायचं नाही," एवढंच तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तो लागला नाही. मृणालीला लावला, तिने उचलला नाही. क्रांतीने घराला कुलूप लावलं. कुलूप ओढून बघायचंही तिला सुचलं नाही. अलिबागपर्यंत सहा आसनी, तिथून रेवदंड्याला रिक्षा. रिक्षावाल्याला ती सारखी वेळ विचारत होती. अडीच वाजले होते. मोकळ्या जागेत सुके बोंबील वाळत होते, बायका सावलीत फाटकी जाळी तुणत होत्या, आणि कुठेही काही वावगं दिसत नव्हतं.

मृणाली ओटीवर बसली होती. क्रांतीला बघून ती उठली आणि दारात उभी राहिली. मागे अर्धा अंधार. त्यात पलंग, आणि पलंगावर रुचिका, निळ्या फ्रॉकमध्ये, कुशीवर वळलेली.

"वहिनी, हे बरोबर नाही. आपलं ठरलंय."

"मला आत जाऊ दे. मी तिला उठवते आणि निघते. एकदाच, मृणाली."

"एकदासुद्धा नाही." मृणालीने पुढे होऊन क्रांतीचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. तिचे हात उबदार होते, दळण-कांडणाने रापलेले, ताकदीचे. "तुम्हाला बरं व्हायचंय. मी तुम्हाला बरं करणार. रुचिकासाठी."

क्रांतीने हात ओढून बघितले. सुटेनात. पाय जागीच खिळले, आवाज फुटेना, कानात घूं घूं सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी समजावलेलं सगळं जसंच्या तसं होत होतं. भीतीने अंग गोठतं, पण कुणी मरत नाही, त्या म्हणाल्या होत्या. आणि मृणालीच्या खांद्यावरून तिला दिसलं.

पलंगाच्या पलीकडून एक हात वर आला. त्याने उशी चाचपली, केस चाचपले, गाल चाचपला, आणि तो नाकाखाली जाऊन थांबला. क्रांतीने खाली बघितलं. आपले दोन्ही हात मृणालीच्या हातांत होते, उजव्या हाताची वाकडी करंगळी मृणालीच्या अंगठ्याखाली दबली होती. मी नाही. मी कधीच नव्हते. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा पुरावा मिळाला होता, आणि तो ज्या एका माणसाने बघायला हवा त्याची पाठ खोलीकडे होती.

"मागे बघ," तिच्या घशातून कसंबसं आलं.

"नाही बघणार, वहिनी."

"मृणाली, मागे..."

"मी मागे बघितलं की तुमचा आजार जिंकतो. मला शिकवलंय." मृणालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती एवढ्या मायेने कधी कुणाशी वागली नव्हती. "माझ्याकडे बघा. माझ्याबरोबर श्वास घ्या. सावकाश. एक."

हात ओठांना टेकला.

"दोन. सोडा हळूहळू."

दुसरा हातही वर आला. पहिल्यावर बसला. निळ्या फ्रॉकखालचे पाय एकदा झाडले गेले, पलंगाची कड टाचेने ठोकली गेली. मृणालीने तो आवाज ऐकला. तिची मान किंचित वळली आणि तिने ती निग्रहाने पुन्हा सरळ केली.

"तीन. शाब्बास. चार."

क्रांतीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मृणाली मोजत राहिली, दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. पाय आणखी एकदा हलले, मग नुसती बोटं हलली. क्रांतीचं अंग सैल पडलं आणि ती उंबऱ्यावर खाली बसली. मृणालीही तिच्यासमोर टेकली. तिने अजून हात सोडले नव्हते. आत काहीच हालचाल नव्हती.

"बघा," मृणाली डोळे पुसत म्हणाली. "आत न जाता जमलं की नाही तुम्हाला? आता ती उठेपर्यंत इथेच बसू या."

आणि त्या दोघी तिथेच बसल्या.